पूर्वपक्ष मागवला; उत्तरपक्ष कुठे आहे?

प्रवरेच्या डाव्या कालव्याचे आवर्तन सुटायचे असले की श्रीरामपूर तालुक्यातील शेतकऱ्याला पाटबंधारे खात्याकडे सात नंबरचा अर्ज भरावा लागतो. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, पीक कोणते, मागील थकबाकी आहे की नाही, या साऱ्याची नोंद त्या अर्जात करावी लागते. मुदत टळली वा रकाना चुकला, तर चारीवर उभे राहून दुसऱ्याच्या शेतात जाणारे पाणी पाहण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नाही. शासनाशी बोलताना नागरिकाने कसे बोलावे याचे नियम या देशात पुरेसे आहेत. त्यांत उणीव असेल तर ती एकाच बाजूची. नागरिक बोलल्यावर शासनाने काय करावे, याचा नियम शोधू गेल्यास तो क्वचितच सापडतो.

हा प्रश्न आज निघण्यास कारण आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपासंबंधी नेमलेल्या अभ्यासगटाच्या अहवालावर २०२५ च्या आरंभी जनतेकडून हरकती व सूचना मागवल्या. विषय नगर, नाशिक आणि मराठवाडा या तिन्हींच्या जिव्हाळ्याचा. प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यातील कलम १२(६)(ग) प्रमाणे खोऱ्यातील टंचाई वरच्या आणि खालच्या धरणांनी वाटून घ्यायची आहे. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालावरून प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये सूत्र ठरवले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे त्या सूत्राचे सार. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. ३० ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरले, तेव्हा त्यातील ३.३६ टीएमसी पाणी भंडारदरा-निळवंडे या प्रवरा समूहातून जायचे होते. नव्या अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची ही मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली आणि दोन्ही बाजूंना पुन्हा एकदा लेखणी उचलावी लागली. कोणी म्हणाले, प्रवरेच्या टेलला आधीच पाणी पोहोचत नाही. कोणी म्हणाले, नाथसागर रिकामा ठेवून मराठवाड्याने जगावे कसे?

प्राधिकरणाने हरकती मागवल्या, हे योग्यच झाले. पाण्यासारख्या विषयावर लोकांना न विचारता निर्णय घेण्याचे दिवस संपले आहेत. प्रश्न आहे तो त्यापुढचा. आलेल्या हरकतींचे कोणी, कसे आणि किती दिवसांत काय करायचे? श्रीरामपूरच्या शेतकऱ्याचा आक्षेप फेटाळला, तर तो कोणत्या कारणाने फेटाळला हे त्याला कळणार काय? पैठणच्या शेतकऱ्याचा मान्य झाला, तर तो का मान्य झाला हे श्रीरामपूरला कळणार काय? महाराष्ट्रातील सर्व खात्यांना, प्राधिकरणांना आणि पालिकांना सारखाच लागू होईल असा कोणताही सर्वसाधारण कायदा या प्रश्नांची उत्तरे देत नाही. एका कायद्यात तीस दिवस, दुसऱ्यात आणखी काही. एकीकडे सुनावणी, दुसरीकडे नुसती पोच.

वादाला नियम हवेत. ते आपल्या परंपरेनेच सांगितले

येथे दोन टोकाच्या भूमिका नेहमी ऐकू येतात. पहिली अधिकाऱ्यांची. त्यांच्या मते लोकांना बोलू दिले की शिव्या येतात, राजकारण येते, छापील नमुन्यावरच्या हजारो सह्या येतात. म्हणून जितके निर्बंध घालता येतील तितके घालावेत. दुसरी भूमिका तथाकथित पुरोगाम्यांची. त्यांच्या लेखी कोणताही नियम म्हणजे गळचेपी. विशेष म्हणजे स्वतःच्या व्यासपीठावर विरोधी मताला पाच मिनिटेही न देणारी मंडळीच हे बहुधा अधिक मोठ्या आवाजात सांगत असतात.

या दोन्ही भूमिकांना हिंदू समाजाच्या बौद्धिक परंपरेत आधार नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. तत्त्व समजून घेण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची पाडत राहणे ती वितंडा. शास्त्रग्रंथांची रचनाही याच शिस्तीची. प्रथम पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य व्हावा इतक्या प्रामाणिकपणे. नंतर त्याला मुद्देसूद उत्तर द्यायचे आणि मग सिद्धान्त. शंकराचार्यांच्या भाष्यांत बौद्धांचे, सांख्यांचे, मीमांसकांचे आक्षेप वाचायला मिळतात, कारण ते गाळून पुढे जाणे हा पराभव मानला जाई. थोडक्यात, नियम होते, कडक होते, आणि ते बोलणाऱ्याइतकेच उत्तर देणाऱ्यालाही बांधत होते.

आजचे शासन हरकती मागवते, म्हणजे पूर्वपक्ष मागवते. सिद्धान्तही अधिसूचनेच्या रूपाने राजपत्रात येतो. मधला उत्तरपक्ष मात्र गायब असतो. ‘प्राप्त हरकती व सूचना विचारात घेऊन’ या एका ठरावीक वाक्यात शेकडो माणसांचे श्रम गडप होतात. विचारात घेतल्या म्हणजे नेमके काय केले, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

लाखांची गर्दी आणि कोरा कागद

हे केवळ तालुक्याच्या पातळीवरचे दुखणे नव्हे. बाविसाव्या विधी आयोगाने जून २०२३ मध्ये समान नागरी कायद्यावर जनतेची मते मागवली. हा विषय राष्ट्रीय विचारांच्या समाजाच्या अंतःकरणाशी निगडित. घटनेच्या ४४ व्या अनुच्छेदात तो १९५० पासून लिहिलेला आहे. मुदत वाढवून २८ जुलैपर्यंत नेण्यात आली आणि ७५ लाखांहून अधिक मते आली. घराघरांतून माणसांनी लिहिले, शाखाशाखांतून कार्यकर्त्यांनी लोकांना लिहायला बसवले. त्या आयोगाची मुदत ३१ ऑगस्ट २०२४ रोजी संपली. त्या विषयावरचा अहवाल काही त्याच्या हातून आला नाही. ७५ लाख मतांत बाजूची किती, विरोधातली किती, त्यांतले नवे मुद्दे कोणते, हे त्या लिहिणाऱ्यांना कोण सांगणार? सत्ता कोणत्या पक्षाची आहे यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून असता कामा नये. सत्ता आपल्या विचारांची आहे म्हणून हा प्रश्न न विचारणे, हे तर अधिकच अनुचित होय.

वक्फ सुधारणा विधेयकावरील संयुक्त संसदीय समितीकडे २०२४ मध्ये सुमारे ९७ लाख निवेदने आली. एकीकडून एक नमुना फिरला, दुसरीकडून दुसरा फिरला. बाजू मांडण्याचा हक्क दोघांनाही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु एकच मजकूर लाख वेळा पाठवल्याने तो लाखपट खरा होत नाही, आणि ज्याने स्वतःच्या गावातील एका सर्व्हे नंबरची कागदपत्रे जोडून दोन पाने लिहिली, त्याचा कागद त्या ढिगाऱ्याखाली दबतो. लोकमताची मोजदाद करण्यासाठी निवडणूक आहे. हरकतीचे प्रयोजन निराळे. निर्णय घेणाऱ्याला माहीत नसलेली वस्तुस्थिती आणि न सुचलेला युक्तिवाद त्याच्यापर्यंत पोहोचवणे, हे ते प्रयोजन. गठ्ठ्यांची उंची मोजणारे शासन आणि गठ्ठे वाढवणारे कार्यकर्ते हे दोघेही ते विसरतात.

प्रवरेकाठची भाषा

दुसरा प्रश्न भाषेचा. ज्या प्रवरेच्या पाण्यावर आज अहवाल लिहिले जातात, त्याच प्रवरेच्या काठी नेवाशाला १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करून कारभारातील फारसीला पर्याय दिला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारून ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ केले. राज्यकारभार प्रजेच्या भाषेत चालावा, हा आग्रह या भूमीत नवा नाही.

इंग्रजांना या भाषेचे सामर्थ्य ठाऊक होते. १८७८ साली लॉर्ड लिटनने जो मुद्रण कायदा केला, तो केवळ देशी भाषांतील पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रे मोकळी होती. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ला तर त्यातून सुटण्यासाठी एका रात्रीत इंग्रजी व्हावे लागले. आज तसा कायदा नाही. पण मसुदा इंग्रजीत काढून शेतकऱ्याला ‘हरकत असल्यास कळवा’ म्हणणे, याचा परिणाम कितीसा निराळा होतो?

२०२० साली केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची नवी मसुदा अधिसूचना काढली, ती हिंदी व इंग्रजीत, तीही टाळेबंदीच्या काळात. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत मसुद्याचे भाषांतर करण्यास सांगितले. आनंदाने हे काम करण्याऐवजी शासनयंत्रणा त्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेली. याचिका करणारा कोणत्या विचाराचा होता, हे येथे गौण आहे. चंद्रपूरच्या आदिवासीला आणि श्रीरामपूरच्या ऊस उत्पादकाला आपल्या भाषेत मसुदा मिळावा, हा आग्रह खरे तर स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी सर्वांआधी धरायला हवा होता.

महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. अभिजात भाषेत शेतकऱ्याला त्याच्याच पाण्याचे कोष्टक समजत नसेल, तर तो दर्जा शोभेच्या पाटीपुरताच उरेल. तांत्रिक अहवालांची मूळ भाषा बहुधा इंग्रजी असते, हे मान्य. त्यांचा सुबोध मराठी सारांश ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास मात्र कोणत्या तंत्रज्ञानाची अडचण आहे?

जे दारूच्या भट्टीला लागू, ते पाण्याला का नाही?

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणविषयक अधिसूचना वाचावी. मोठ्या प्रकल्पाला, म्हणजे नगर जिल्ह्याच्या परिचयाचे उदाहरण घ्यायचे तर आसवनी प्रकल्पाला, परवानगी देण्यापूर्वी जनसुनावणी कशी घ्यावी हे तिच्या परिशिष्टात तपशीलवार सांगितले आहे. किमान तीस दिवसांची सूचना. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी. उपस्थितीची किमान संख्या नाही, म्हणजे दहाच माणसे आली तरी त्यांचे म्हणणे ऐकायचे. साऱ्या कामकाजाचे चित्रीकरण. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत जमलेल्या लोकांना वाचून दाखवायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांनी उपस्थित केलेले मुद्दे आणि त्यांवर प्रकल्पधारकाचे म्हणणे यांचे टिपण स्थानिक भाषेत जोडायचे. प्रत्यक्षात या सुनावण्या अनेकदा कशा उरकल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही नियम कागदावर आहे म्हणून तो मोडल्याचे न्यायालयात सांगता येते. जिथे नियमच नाही, तिथे काय सांगणार?

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही साहाय्याला आहे. त्याचे बीज याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या आंदोलनात आणि राज्याच्या २००२ च्या कायद्यात रुजलेले. त्याच्या चौथ्या कलमान्वये, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कोणी अर्ज करो अथवा न करो, हे कर्तव्य संपत नाही. केंद्राने २०१४ च्या आरंभी कायदा करण्यापूर्वीच्या लोकविचारविनिमयाचे धोरणही ठरवले. मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे त्यात म्हटले आहे. धोरणाला कायद्याचे बळ नाही, एवढीच अडचण.

नियम असावेत ते असे

तेव्हा राज्य शासनाने एकच सुटसुटीत नियमावली करावी आणि ती प्रत्येक खात्याला, प्राधिकरणाला व पालिकेला लागू करावी. तिच्यात बोलणाऱ्यावर बंधने अवश्य असावीत. अश्लील भाषा, कोणा व्यक्तीची नालस्ती, जातीजातींत वा समाजासमाजांत तेढ लावणारा मजकूर, विषयाशी संबंध नसलेली जाहिरातबाजी ही नोंदवून बाजूला ठेवावीत. मात्र शासनावरील टीका, मग ती कितीही कडवट असो, या यादीत बसता कामा नये. बाजूला ठेवलेला कागदही नष्ट न करता कारणासह जपावा, म्हणजे ‘नालस्ती’ या नावाखाली भ्रष्टाचाराची तक्रार दडपली गेली की नाही, हे पुढे तपासता येईल.

नावाचा प्रश्न नाजूक आहे. निनावी पत्रांवर राज्य चालत नाही. हरकत घेणाऱ्याने नाव-गाव द्यावे. परंतु ज्या तालुक्यांत कारखाना, बँक, शाळा आणि पाणीवापर संस्था एकाच वाड्यावरून चालतात, तिथे दोन एकरांच्या धन्याने उघड सही करणे म्हणजे उसाच्या तोडीवर आणि मुलाच्या नोकरीवर पाणी सोडणे होय. म्हणून नाव कार्यालयाला कळावे आणि मागणी केल्यास प्रसिद्धीत ते गुप्त ठेवावे.

एकसारख्या मजकुराच्या हरकती एक मुद्दा म्हणून घ्याव्यात आणि सह्यांची संख्या वेगळी नोंदवावी. म्हणजे लाखोंना लाखो उत्तरे कशी देणार, ही अधिकाऱ्यांची सबब उरणार नाही. मुद्दे मोजके असतात. उत्तर मुद्द्याला द्यायचे आहे. आणि शेवटचा नियम सर्वांत आवश्यक. प्रत्येक मुद्दा, त्यावरचे उत्तर आणि त्याची कारणे यांचा मराठी तक्ता अंतिम निर्णयापूर्वी प्रसिद्ध व्हावा, तो ग्रामसभेत वाचला जावा, आणि तसे न झाल्यास तो निर्णय त्याच कारणावरून आव्हान देण्याजोगा ठरावा.

न ऐकण्याची किंमत

न ऐकण्याची किंमत काय असते, हे श्रीरामपूरला सांगावे लागत नाही. हरेगावच्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे आल्या. खंडकऱ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, न्यायालये गाठली. आजोबांनी केलेल्या अर्जाची पोच नातवाच्या ट्रंकेत सापडावी, इतका काळ लोटला. जमिनी परत देण्याचा मार्ग २०१२ मध्ये मोकळा झाला, तोवर किती मूळ मालक ते पाहण्यास उरले होते? अर्ज घ्यायला प्रत्येक खिडकी होती, उत्तर देणारी खिडकी नव्हती.

पाण्याच्या बाबतीत तीच चूक झाली, तर घाव अधिक खोल जाईल. कारण येथे एका बाजूला नगर-नाशिक आणि दुसऱ्या बाजूला मराठवाडा उभा आहे. दोघेही याच गोदामाईची लेकरे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेले पाणी पैठणच्या नाथांच्या घाटाला लागते. त्याच्या वाटपाची कारणे लोकांपुढे मांडली, तर कटू निर्णयही समाज पचवतो. कारणे दडवली, तर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने मुंबईत वजन वापरले. मग धरणावर पोलीस बसवावे लागतात, बंधाऱ्यांची दारे फोडली जातात, आणि एका समाजाचे दोन तट पडतात. हिंदू समाजाला जातींत आणि प्रदेशांत फोडण्यासाठी टपलेल्यांना यापेक्षा सोपी संधी कोणती?

राज्यकर्त्यांनाही न ऐकण्याचा लाभ होत नाही. २५ जून १९७५ नंतर वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली, ४ जुलैला संघावर बंदी आली, हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. देशात कोणी उलट बोलू शकत नव्हते; त्यामुळे देश समाधानी आहे असे दिल्लीच्या सत्तेला वाटू लागले. त्या समजुतीवर विसंबून निवडणूक घेतली आणि मार्च १९७७ मध्ये पंतप्रधानांना स्वतःचा मतदारसंघही राखता आला नाही. लोकांचा आवाज बंद करणारी सत्ता प्रथम स्वतः बहिरी होते. आणीबाणीत तुरुंग भोगलेल्यांच्या विचारपरंपरेतून आज जे सत्तास्थानी आहेत, त्यांना हे विसरण्याचा अधिकार नाही.

समाजाचेही कर्तव्य आहे. ग्रामसभा वर्षात किमान चार वेळा व्हायची असते. तिथे गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. एवढी माणसेही अनेक गावांत जमत नाहीत, आणि नंतर पारावर सर्वांनाच बोलायचे असते. तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, स्थापत्य अभियंते आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार राजपत्रातील सूचना वाचण्यासाठी, त्यांचा अर्थ शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, गृहिणीला सांगण्यासाठी आणि ज्याची त्याची हरकत त्याच्याच शब्दांत लिहून देण्यासाठी द्यावा. छापील नमुना वाटण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे. ते राष्ट्रकार्यच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या जिल्ह्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीला १७२५ साली जन्मलेली ही लोकमाता महेश्वरच्या दरबारात प्रजेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत असे आणि न्याय देत असे. तिच्या दाराशी आलेला माणूस निर्णय घेऊन परत जाई. ‘विचारात घेतले’ अशी पोच घेऊन नव्हे. जिल्ह्याला तिचे नाव देणाऱ्या शासनाने तिच्या त्रिशताब्दीनंतर तिचा हा रिवाज नियमावलीत लिहावा. आरंभ गोदावरीच्या पाण्यावरील हरकतींपासून करता येईल. श्रीरामपूरच्या आणि पैठणच्या शेतकऱ्याला त्याच्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर मराठीत, लेखी आणि कारणांसह मिळाले पाहिजे.